टाकीच्या गळ्यातला हार

माझ्या नोकरीचं नाव आमच्या घरात कधी कुणी उच्चारलं नाही. उचगावात माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून बर्फाच्या कारखान्यात हाय." एका शेजारणीनं पोरीच्या लग्नातल्या सरबतासाठी दोन लाद्या मागितल्या, तेव्हा सासूबाईंची जी तारांबळ उडाली ती मी मजेत बघत उभी राहिले. त्या दिवसापासून सासऱ्यांनी कारखानाच बदलला आणि मी फ्रीजच्या कंपनीत लागले.

काम काय होतं ते आता उघड लिहिते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वंध्यत्वाच्या दवाखान्यात मी लॅब सांभाळायची आणि तिथं पुरुषांचं वीर्य गोठवून पुढच्या वापरासाठी ठेवलं जायचं. झालं लिहून. नव्वदच्या दशकात हे वाक्य मोठ्यानं म्हटलं असतं, तर आमच्या गल्लीत मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नसतं.

नमुना आला की आधी तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. शुक्रजंतू आहेत किती, हलतात कसे. मग गोठताना ते फुटू नयेत म्हणून त्यात एक द्रव मिसळायचा. मग काडीएवढ्या बारीक नळ्यांत भरून तोंडं बंद करायची, नाव घालायचं, आधी नायट्रोजनच्या वाफेवर धरायचं आणि शेवटी टाकीत सोडायचं. टाकी म्हणजे कमरेएवढी ॲल्युमिनियमची बरणीच, पोट मोठं आणि गळा अरुंद. आत पातळ नायट्रोजन, शून्याखाली एकशे शहाण्णव अंश. तिला वायर नाही, मोटर नाही, दिवा नाही. नायट्रोजन आपला आपण थोडाथोडा उडत राहतो आणि गाडी आली की आपण वरून भर घालत राहायची. गळ्यात फोमचं लांब बूच बसतं. ते नीट बसलेलं असलं की आतलं वर्षानुवर्षं जसंच्या तसं. लोक विचारायचे, लाइट गेली तर? मी सांगायची, लाइट गेली तर तुमचा टीव्ही बंद पडेल, टाकीला काही होत नाही.

पण खरं सांगू का, कोल्हापूर जिल्ह्यात ही टाकी समजावून सांगायला मला कधी वेळच लागला नाही. इथं घराघरात म्हशी. डेअरीचा डॉक्टर मोटारसायकलला असलाच डबा बांधून गोठ्यात येतो, बूच काढतो, वाफ उडते, नळी काढतो आणि म्हैस भरवून जातो. त्यामुळं पुण्या-मुंबईचे डॉक्टर ज्यासाठी चित्रं काढून दाखवत, ते इथली म्हातारी एका नजरेत ओळखायची. गारगोटीकडची एक बाई फौजेतल्या लेकाला घेऊन आली होती. सुट्टी संपायच्या आत त्याचा नमुना ठेवायचा आणि तो सीमेवर गेल्यावर सुनेवर उपचार करायचे, असं ठरलं होतं. अशा जवानांची आमच्याकडं रीघच असायची. तिनं टाकी बघितली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, डेअरीवालं एकाच रेड्याचं सगळ्या गावाला वाटत्यात. तुमी तसं करनार न्हाईसा न्हवं?"

मी हसून हसून बेजार. तिला मात्र हसू आलं नव्हतं. तिनं मला टाकीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली.

तर असं सगळं हसण्यावारी चाललेलं असताना आमच्या दवाखान्यात बसवराज आला, आणि त्याच्यामागून त्याची आई. हे दोन हजार सालानंतरचं. त्याला सगळे बसू म्हणायचे. कर्नाटकाच्या हद्दीजवळचं लिंगायत कुटुंब. वडील तो लहान असतानाच गेलेले. आईनं, म्हणजे अव्वांनी, चार म्हशींच्या दुधावर त्याला आयटीआयपर्यंत शिकवलं आणि तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. उंचापुरा, लाजाळू पोरगा. त्याच्या वृषणात कर्करोग निघाला होता. कर्करोगाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधं सुरू करायच्या आधी वीर्य साठवून ठेवा, औषधांनी पुढं मूल होण्याची ताकद जाऊ शकते.

लाजाळूपणा सगळा बसूकडं गेला होता, अव्वांच्या वाट्याला तो मुळीच आला नव्हता. भरल्या वेटिंग रूममध्ये त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "माज्या पोराचं कुठं ठेवनार? डबा दावा आधी." बसू भिंतीकडं तोंड करून उभा. मी त्यांना आत नेऊन टाकी दाखवली. त्यांनी टाकीला वाकून बघितलं, बोटानं टिचकी मारली, आणि म्हणाल्या, "आमच्या डेअरीच्यापरास मोठी हाय." मग विचारलं, "तेच्यात काय घालतायसा?"

मी सरळ मनानं सांगून टाकलं. त्या काळी गोठवायच्या द्रवात अंड्याचा बलक असायचा.

"अंडं?" अव्वा मागंच सरकल्या. "अय्यो शिवा! आमच्यात अंडं चालत न्हाय की वो! माजा नातू अंड्यात ठेवनार?"

आता याला काय उत्तर द्यायचं हे कुठल्या पुस्तकात असतं का? मी डॉक्टरांकडं बघितलं, डॉक्टर छताकडं बघत होते. बसू बिचारा हातात रिकामी बाटली घेऊन उभा. शेवटी अव्वाच म्हणाल्या, "अवषद म्हनून चालतंय. पण कुनाला सांगू नगासा." आणि बसूच्या पाठीत धपाटा घालून त्याला नमुना द्यायच्या खोलीत पिटाळलं.

एवढा एकच नमुना मिळाला. दोनचार दिवसांनी पुन्हा या म्हटलं होतं, पण त्याचा ताप वाढला आणि लगेच औषधं सुरू झाली. म्हणजे टाकीत जे होतं ते एवढंच.

पोरगा वाचला. केस गेले आणि परत आले. कामावर रुजू झाला. मग डॉक्टरांनी त्याला तपासणीला बोलावलं. मी नमुना बघितला, पुन्हा बघितला, काच बदलून बघितला. एकही शुक्रजंतू नव्हता. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "आता तुझ्याकडून होईल ही आशा सोड. टाकीत आहे तेच तुझं." मला ते तेव्हाही फार घाईचं वाटलं, पण बोलणारी मी कोण. अव्वा मात्र हे ऐकून मुळीच घाबरल्या नाहीत. त्यांच्या लेखी नातू टाकीत सुखरूप होता, फक्त बाहेर काढायचा राहिला होता. दवाखान्यावरून जाता जाता त्या वर यायच्या, टाकीला नमस्कार करायच्या आणि मला म्हणायच्या, "बरं हाय न्हवं तेचं?"

मी म्हणायची, "बरं आहे. झोपलाय."

पुढं बसूचं लग्न ठरायला आलं. मुलगी गडहिंग्लजकडची, गिरिजा, बालवाडीत शिकवायची. बसूनं एक काम मात्र बाप्यासारखं केलं. सुपारी फुटायच्या आधी तिला थेट आमच्या लॅबमध्ये घेऊन आला, टाकीपुढं उभं केलं आणि म्हणाला, "हे बघ, माझं काय हाय ते ह्याच्यात हाय. भाईर कायबी न्हाई. पटत असलं तर हो म्हण." मी हातातलं काम सोडून ऐकत राहिले. गिरिजानं मला टाकीबद्दल पाचपन्नास प्रश्न विचारले. बूच कशाला, नायट्रोजन कधी भरता, नळी बाहेर काढली की किती वेळात वापरायची. मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "चला, उशीर झाला." एवढाच तिचा होकार. दिवाळीनंतरची तारीख निघाली.

मध्ये आला दसरा.

खंडेनवमीला कोल्हापुरात काय काय पुजलं जातं हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. लेथ पुजतात, ट्रक पुजतात, रसवंतीचा चरक पुजतात, कॉम्प्युटरला टिळा लावतात. आमच्या लॅबमध्येही सूक्ष्मदर्शकाला फूल, इन्क्युबेटरला हळदकुंकू आणि टाकीच्या पोटावर कुंकवाचं बोट. हार कुणीही, कधीही वर घालायचा नाही, हा माझा नियम होता. सकाळी पूजा उरकून मी घरी गेले. डॉक्टर सहकुटुंब गावाला गेले. दवाखाना दसऱ्याला आणि त्याला जोडून आलेल्या सुट्टीत बंद राहणार होता. टाकीतली पातळी जरा खाली गेली होती, पण नायट्रोजनची गाडी सुट्टी संपली की येणार होती. बूच नीट बसलेलं असतं तर तेवढ्यानं काहीही झालं नसतं.

सुट्टीनंतर मी लॅबचं दार उघडलं आणि पहिली नजर टाकीवर गेली. तिच्या गळ्यात झेंडूचा भलामोठा हार होता. फुलं काळी पडलेली, गळ्याभोवती ओल आलेली. बूच वर उचललेलं, तिरकं. हाराची दोरी बुचाच्या खाली अडकली होती.

बूच काढलं. वाफ नाही. पातळी मोजायची पट्टी असते ती आत सोडली, वर काढली. कोरडी. पुन्हा सोडली. कोरडीच. टाकी हातानं हलवली तर नुसत्या नळ्या खुळखुळल्या. मी तिथंच जमिनीवर बसले. दवाखान्यात झाडलोट करणारी तानूमावशी चहा घेऊन आली, ती मला बघून ओरडली, "आगं बया, काय झालं? चक्कर आली व्हय?"

मी नुसतं हाराकडं बोट केलं.

"त्यो व्हय," मावशी म्हणाली, "बसूच्या अव्वांनी आणल्ता. तुमी गेल्यावर आल्या दुपारी. नातवाची पूजा करतो म्हनाल्या. मला वाटलं, पूजाच तर हाय."

हार हातात घेतला आणि सगळं लक्षात आलं. आपल्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, त्यांच्या गळ्यात घालतात तसला तो हार होता, बोटाएवढ्या जाड सुती दोरीत गुंफलेला. म्हशीनं मान हलवली तरी तुटू नये म्हणून. अव्वांना दुसरा हार करताच येत नव्हता. तो गळ्यात नीट बसावा म्हणून त्यांनी बूच उपसलं, हार घातला आणि त्या दोरीवरच बूच परत ठेवलं. डेअरीचा डबा आयुष्यभर बघितलेली बाई. बूच काढायची तिला भीती वाटली नाही, हेच नडलं.

टाकीत इतरांचेही नमुने होते, ते सगळेच वाया गेले. जवानांना पुन्हा बोलावता आलं असतं, बाकीच्यांनाही. बसूचं काय करायचं? डॉक्टर आले, त्यांचा चेहरा पांढराफटक. आधी तानूमावशीवर ओरडले, मग माझ्यावर. मग मी त्यांच्यावर ओरडले. पातळी खाली असताना सुट्टी घेतली कुणी, टाकीला कुलूप लावू या म्हणून मी घसा कोरडा केला तेव्हा ऐकलं नाही कुणी! मग ते म्हणाले, "लग्न होऊ दे त्याचं. मग बघू." मी म्हटलं, "त्या पोरीनं टाकी बघून होकार दिलाय. लग्नाआधी कळलंच पाहिजे. तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते."

बसूला बोलावलं. डॉक्टरांनी सांगितलं, हात जोडून माफी मागितली, चूक दवाखान्याची आहे म्हणाले. बसू ऐकत होता आणि त्याची नजर टेबलावरच्या हाराकडं होती. त्यानं तो उचलला, दोरीची गाठ बघितली. ती गाठ त्याला ओळखायला मी सांगायची गरज नव्हती.

"अव्वानं केलं हे?" तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"तिला सांगू नगासा. अक्का, तुमच्या पाया पडतो. जीव देईल ती." आणि एवढा थोरला पोरगा हार तोंडावर धरून रडायला लागला. कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हाही तो असा रडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिरिजाला घेऊन आला. तिला त्यानं हारासकट सगळं सांगितलं होतं. तिनं बूच स्वतः काढून टाकीत डोकावून बघितलं. मी म्हटलं, "पोरी, तू नाही म्हणालीस तर तुला कुणी नाव ठेवणार नाही."

ती एकदम उसळली. "मी लगीन टाकीशी ठरवलंय व्हय, अक्का?" मग जरा थांबून म्हणाली, "अव्वांना काय सांगायचं ते ठरवा. मी बी तेच सांगीन."

आम्ही अव्वांना सांगितलं की टाकीला चीर गेली. पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. अव्वांनी दवाखाना डोक्यावर घेतला. डॉक्टरांना, मला, टाकी बनवणाऱ्या कंपनीला, सगळ्यांना अशा काही शिव्या घातल्या की वेटिंग रूममधल्या बायकांनी कानांत बोटं घातली. "माजा नातू मारलासा! रांडेच्यांनो, माजा नातू मारलासा!" माझ्या जिभेला हाड नाही हे घरीदारी सगळे सांगतात. पण तिथं मी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. गिरिजा शेजारी उभी होती. थोड्या वेळानं अव्वांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "तरीबी तू हो म्हनलीस. माज्या पोटची लेक असती तरी न्हाई म्हनाली असती." तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली. मी आत निघून गेले.

लग्न झालं. मी जेवायला गेले होते. टाकीला नवं कुलूप बसलं, गाड्या वेळेवर यायला लागल्या. मी बसूला म्हणायची, दुसरे मार्ग आहेत, दत्तक आहे, दात्याचं वीर्य आहे. तो म्हणायचा, बघू अक्का. अशी तीन-चार वर्षं गेली असतील.

आणि एका सकाळी अव्वा गिरिजाला दंडाला धरून ओढत आमच्या जिन्यानं वर आल्या. गिरिजाचे केस सुटलेले, गालावर बोटं उमटलेली. मागून कारखान्याच्या कपड्यातच बसू. अव्वांनी तिला माझ्यापुढं ढकललं.

"दिवस गेल्यात हिला! सांगा बाई, कसं गेलं?"

मी हबकले.

"ह्याच्यात कायबी न्हाई म्हनून तुमीच सांगितलासा. टाकी बी तुमीच घालवलीसा. मग हे आलं कुठनं? बोला की! आता का दातखीळ बसली?"

बोलायला काय होतं? प्रत्येक शब्द आमचाच होता. आम्ही सांगितलेल्या गोष्टींचीच बेरीज करून ही बाई आपल्या सुनेला मारत होती. मी बसूकडं बघितलं. वाटलं, हा तरी काही बोलेल. तो जमिनीकडं बघत होता. त्याचं ते गप्प राहणं मला अव्वांच्या ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं. गिरिजाही त्याच्याकडंच बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती फक्त बघत होती, हा खरंच गप्प बसणार आहे का म्हणून.

"भोगतोय आम्ही तुमच्या त्या फुटक्या टाकीचं!" अव्वा ओरडल्या, आणि माझं डोकं सटकलं. फुटकी टाकी? आता सांगतेच हिला टाकी कुणी घालवली ते! मी तोंड उघडलं, "अव्वा, ती टाकी..." आणि गिरिजानं माझा हात पकडला. असा पकडला की बांगडी मनगटात रुतली. तिनं मान हलवली, नको. मार खाऊन उभी राहिलेली पोरगी, आणि तिच्या हातात ते एक वाक्य होतं ज्यानं सासू जागच्या जागी गप्प झाली असती. ती ते बोलली नाही, मलाही बोलू दिलं नाही. अशी माणसं असतात? मला आजही नवल वाटतं.

मी बसूच्या हातात बाटली दिली. "जा. त्या खोलीत जा. आत्ताच्या आत्ता."

नमुना आला. काचेवर थेंब घेतला. नोकरीत पहिल्यांदा मला सूक्ष्मदर्शकात डोकवायची भीती वाटली. आधी काही दिसलं नाही. मी काच हळूहळू सरकवत गेले. आणि कडेला एक शुक्रजंतू हलताना दिसला. पुढं आणखी एक. मग तीनचार एकत्र, शेपट्या मारत चाललेले. फार नव्हते. पण होते, आणि चांगले जिवंत होते!

"डॉक्टर!" मी अशी किंचाळले की तानूमावशी झाडू टाकून पळत आली. डॉक्टरांनी बघितलं. डोळे पुसून पुन्हा बघितलं. म्हणाले, "होतं असं कधीकधी. त्या औषधांनंतर काही वर्षांनी परत सुरू होतं."

हे ऐकून इतका वेळ गप्प असलेली गिरिजा पेटली. "होतं? मग तवा का न्हाई सांगितलासा? आशा सोड म्हनून कुणी सांगितलं ह्यांना? तुमच्या त्या एका शब्दावर मी आज मार खाल्ला, डॉक्टर!" पुन्हा तपासायला हवं, काही वर्षं थांबून बघायला हवं, हे डॉक्टरांना माहीत नसायला काय झालं होतं? पण त्या काळी आमच्याकडं एकदा शून्य आलं की शून्यच, अशी सगळ्यांची समजूत होती.

मी अव्वांना खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. "बघा यात. एक डोळा मिटा." त्यांनी बघितलं.

"हे काय वळवळतंय?"

"तुमच्या लेकाचं आहे. टाकीतलं नाही. आत्ताचं, ताजं."

अव्वा कितीतरी वेळ त्या भिंगाला डोळा लावून बसल्या. मान वर करायची त्यांना हिंमत होईना. बसू गिरिजाजवळ गेला आणि तिचा हात धरू लागला. तिनं तो झटकला. "घरात बोलू," म्हणाली आणि एकटीच जिना उतरून गेली. ते दोघं तिच्यामागून गेले. बसूला तिनं पुढं किती दिवस बोलू दिलं नाही ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. त्याला ती शिक्षा मिळायलाच हवी होती.

मुलगी झाली. अव्वांनी पेढ्यांचा पुडा आणला, तोही मोठ्यानं ओरडतच, "अंडं न्हाई बरं का ह्यात!" मला वाटलं, संपलं सगळं. चांगलं झालं.

पुढच्या खंडेनवमीला मी लॅबमध्येच थांबले होते. त्या दिवशी आता मी कधीच लवकर घरी जात नसे. दुपारी अव्वा आल्या, कडेवर नात, मागं गिरिजा. अव्वांच्या हातात हार. तसलाच, म्हशीचा, जाड दोरीचा.

"टाकीवरचा राग गेला म्हनायचा, बाई," अव्वा म्हणाल्या. "लई बोललो तिला. आज मानानं हार घालतो." आणि त्या टाकीकडं निघाल्या. टाकीला कुलूप होतं, काही होणार नव्हतं, तरी मी पुढं सरले. माझ्याआधी गिरिजा पोचली. तिनं हळूच हार त्यांच्या हातातून काढून घेतला.

"खाली ठेवूया, अव्वा. पायाशी."

"खाली का? गळ्यात घालायचा असतोय."

"वर घातला की बूच बसत न्हाई," गिरिजा म्हणून गेली.

म्हणाली आणि जीभ चावली. पण शब्द गेला होता. अव्वा हाराकडं बघत राहिल्या. मग टाकीच्या गळ्याकडं, कुलपाकडं. मग माझ्याकडं. मला नजर चुकवायला जमलं नाही. म्हशींचं सगळं आयुष्य काढलेली बाई, तिला आणखी काय सांगायचं? त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला.

"चीर गेली न्हवती," त्या म्हणाल्या.

नात हारातले झेंडू ओरबाडत होती.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"लग्नाच्या आधीपासनं," गिरिजा म्हणाली.

"आनि मी तुला हितं फरफटत आनली, हात उचलला, नाय नाय ते बोललो, तवा बी ठावं हुतं?"

"व्हय."

"मग तवा का गप ऱ्हायलीस गं?"

गिरिजानं पोरीच्या मुठीतलं फूल सोडवलं. "पोटात पोर हुतं, अव्वा. तेनं आज्जीबद्दल पयलं ऐकायचं ते हेच व्हय?"

अव्वांनी नातीला तिच्याकडं दिलं आणि हार परत घेतला. "बाई, कात्री हाय?" त्यांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी कात्री दिली. ती जाड दोरी त्यांनी दोन ठिकाणी कापली, सगळी फुलं पदरात सोडवून घेतली. त्यातली थोडी टाकीच्या बुडाशी वाहिली. उरलेली ओंजळीत घेऊन त्या गिरिजाकडं वळल्या आणि तिच्यापुढं खाली वाकायला लागल्या. त्या काय करायला निघाल्यात हे कळल्याबरोबर गिरिजानं पोरीला छातीशी धरलं आणि घाईघाईनं पाय मागं घेतले.